नाव, लिटर, फॅट

स्तामेन शोधतो, मी गाडी चालवतो.
पेट्रोल त्याचं, बडबड माझी.
आजवर आम्ही व्रात्साच्या एका शाळेचं तळघर उपसलं,
प्लेवेनला भंगारवाल्याकडे अख्खा दिवस उकिडवे बसलो.
तो बोर्डं तेजाबात बुडवत होता, सोन्यासाठी.
निघणार गुंजभर, आणि बादलीच्या तळाशी हिरवट गाळ.
स्तामेनने एक प्रोसेसर अक्षरशः त्याच्या चिमट्यातून सोडवला,
चाळीस लेव मोजले,
आणि परतीच्या वाटेवर खिशावरचा हात काढला नाही.

यंत्र माझ्या लग्नाहून जुनं.
बोर्ड झालं. पॉवर सप्लायमधले फुगलेले कपॅसिटर काढले
(सडक्या मासळीचा वास येतो त्यांना, खरंच येतो).
कीबोर्डवर एक अक्षर नाही,
ते आमचं सहा पायांचं, किड्यासारखं दिसणारं.
आणि मॉनिटर.
काच कुणीही देईल, म्हणतो स्तामेन.
त्याला हिरवाच हवा, त्याच कारखान्यातला,
आणि कोरा. जळका नको.

जळका म्हणजे, एकच चित्र वर्षानुवर्षं दाखवलं
की ते काचेला धरून बसतं,
बंद केलं तरी जात नाही.
हे मला चटकन समजलं, माझी सासू तशीच आहे.
बोललो नाही. ती त्याची आई.

गाव बाल्कनच्या उतारावर. घरं अठ्ठावीस,
धूर नऊ घरांतून.
दाफिनाबाईंकडे मॉनिटर फ्रिजवर होता,
त्याच्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर जिरेनियमची कुंडी.
"डेअरी बुडाली तेव्हा सहा महिन्यांच्या पगाराऐवजी
हे दिलं," त्या म्हणाल्या. "कुंडीला उंची बरी."

स्तामेनने काच खिडकीकडे तिरकी धरली
आणि त्याचा चेहरा उतरला.
तीन उभे रकाने, वर तीन शब्द:
नाव. लिटर. फॅट.

तरी जोडून बघ, मी म्हणालो,
एवढा घाट चढून रिकाम्या हाताने कोण उतरणार?
त्याने सुटकेसमधून बोर्ड काढलं,
मध्ये शंभरचा बल्ब जोडला, जपून, ताकही फुंकून प्यावं तसं.
बल्ब भडकला, मंदावला.
डासाएवढी बारीक शिट्टी. माझ्या हातावरचे केस उभे.
मग हिरवं हळूहळू वर आलं,
आणि कोपऱ्यात कर्सर.

दाफिनाबाईंनी चष्मा काढला, पुसला, घातलाच नाही.
बोट जिभेला लावलं, वहीचं पान उलटताना लावतात तसं,
आणि पहिल्या रिकाम्या ओळीवर टेकवलं.
"त्सान्को. अकरा लिटर. पाणी घालायचा."
दुसरी ओळ. "मारिओल्का. एकच म्हैस, पण फॅट सात."
तिसरी. "हा आमचा. याचं मी कधी
पाव लिटरही वाढवून लिहिलं नाही.
मरेपर्यंत बोलून दाखवत होता."
चौथ्या ओळीवर बोट थांबलं.
"साडेचार लिटर," त्या म्हणाल्या. "थांबा. येईल नाव."

जुनी ट्यूब स्तामेन पाच मिनिटांवर चालू ठेवत नाही.
त्याने घड्याळाकडे पाहिलं,
मग घड्याळ बाहीत सारलं.
कर्सर लुकलुकत होता. फ्रिज एकदा थरथरून गप्प झाला.
नाव आलं नाही.

पैसे त्यांनी घेतले नाहीत. रुमालही दिला, काचेला ओरखडा नको म्हणून.
कुंडी आता खाली, दाराशी.

तिसऱ्या वळणावर फोन वाजला.
"किर्चो!" एवढंच, इतक्या जोरात
की मी ब्रेक दाबला.
मागच्या सीटवर स्तामेन मॉनिटरला कवटाळून बसलेला,
हनुवटी त्याच्या कडेवर.
"कोरा शोधायचाय ना अजून?" मी विचारलं.
बराच वेळ नुसता इंजिनचा आवाज.
"आधी किडा," तो म्हणाला.